राजीनामा कुणी घेतच नाही

आमच्या घरात नोकरी सोडणारी मी पहिलीच. वडील बदनापूरकडे शेती करतात, त्यांना राजीनामा द्यायला वर साहेबच नाही. मोठे काका एसटीत कंडक्टर होते, ते रिटायर झाले. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेवर, त्यांची फक्त बदली होते. माणूस नोकरीला लागतो, चिकटतो आणि एक दिवस शाल-नारळ घेऊन घरी येतो, एवढाच क्रम आम्हाला ठाऊक. मधूनच उठून जायचं असेल तर काय करतात, हे सांगणारं कुणी नव्हतं. लागताना लेखी परीक्षा, मुलाखत, मेडिकल असं सगळं झालं होतं. सोडताना एक अर्ज लिहायचा की झालं, असा माझा हिशोब.

कंपनीचं नाव घेत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत तशी शेडं पुष्कळ. पुढे गेट, गेटला लागून टाइम ऑफिस, आत सीएनसी आणि व्हीएमसीच्या रांगा, कूलंटचा कपड्यांत मुरणारा वास, मागे डिस्पॅच. दुचाकीच्या इंजिनात बसणारे पार्ट तिथे बनतात. उस्मानपुऱ्याच्या गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी २०२२ च्या जुलैत तिथे लागले, क्वालिटीला. मशीनवर नवीन सेटअप लागला की पहिला पीस माझ्याकडे यायचा. मायक्रोमीटर लावायचा, बोअर गेज फिरवायचा, रिपोर्ट भरायचा, ओके म्हणायचं किंवा ऑपरेटरच्या शिव्या खायच्या. नेमणूकपत्रावर पद होतं 'इंजिनिअर, क्वालिटी अ‍ॅश्युरन्स'. हे पद लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून बराच खल झाला.

सोडण्याचं कारण भांडण नव्हतं. शेंद्र्याच्या एका कंपनीत पगार बरा मिळत होता आणि तिथे मोजमापाची नवी लॅब होती. आमच्याकडे हे आता सगळ्यांचंच झालंय. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि शहराचा तोल तिकडे गेला, असं जुने लोक सांगतात. मग शेंद्रा, मग ऑरिक. २०२४ मध्ये बिडकीनला टोयोटा किर्लोस्कर, एथर, जेएसडब्ल्यू येणार अशा घोषणा एकामागून एक झाल्या आणि आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच उरला नाही. ज्याला थोडं काम येतं त्याच्या खिशात एक बायोडाटा. आमचे प्लांट हेड म्हणायचे, "माणूस घडवायचा आम्ही आणि न्यायचा त्यांनी." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. कॉलेजातून आले तेव्हा मला व्हर्नियर वाचता येत होता, एवढंच. ड्रॉइंगवरची प्रत्येक खूण तिथल्या लोकांनी शिकवली. मालकाची धास्ती मला समजते. त्या धास्तीपायी माणसाला कसं अडकवून ठेवतात, ते मात्र आत असेपर्यंत कळत नाही.

२०२५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला अर्ज घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वरची ओळ वाचली आणि विचारलं, "लग्न ठरलं का?"

"नाही, साहेब."

"मग कशाला सोडतेस?"

मुलीनं राजीनामा दिला की पहिला प्रश्न हाच असतो, हे मला नंतर मैत्रिणींकडून कळलं. मुलगा असता तर "किती देतायत?" असं विचारलं असतं. साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, बघू. मी खूश. चार-पाच दिवसांनी तोच अर्ज त्यांनी परत माझ्या हातात दिला, कुठेही सही नाही. "हे एचआरचं काम, मॅडमना दे." मॅडम म्हणाल्या, "साहेबांची शिफारस लागते, त्याशिवाय मी घेऊ शकत नाही." साहेब म्हणाले, "आधी डिसेंबरचं ऑडिट होऊ दे." मॅडम म्हणाल्या, "ऑडिटनंतर साहेब सांगतील तसं." कुणी आवाज चढवला नाही, उलट चहा विचारला. आणि कुणीही 'नाही' म्हणालं नाही. नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, निदान घरी जाऊन रडले असते. इथे रडायलाही आधार नव्हता. माझा कागद कुठल्याच टेबलावर पोचलेला नव्हता, म्हणजे मी राजीनामा दिलेलाच नव्हता, म्हणजे नोटीस पिरियडही सुरू झाला नव्हता.

टाइम ऑफिसातल्या मामांनी ही गंमत ओळखली. "पोरी, पोच घेतली का?" मी म्हटलं, कसली पोच? मामांनी कपाळाला हात लावला. कागद दोन करायचे, एक द्यायचा, दुसऱ्यावर तारखेचा शिक्का घ्यायचा. "मग तुम्हीच मारा ना शिक्का, इनवर्डचं रजिस्टर तुमच्याकडेच आहे." मामा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मारला असता. पण मला अजून नोकरी सोडायची नाही."

माझ्याबरोबर मुकुंदवाडीत खोली करून राहणारी मैत्रीण चिकलठाण्याच्याच इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेली. तिनं आधी माझा अर्ज वाचून दाखवायला लावला. मी पानभर लिहिला होता: कंपनीचे उपकार, वरिष्ठांचं मार्गदर्शन, घरगुती अडचण, प्रगतीची संधी, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. तिनं पेन घेऊन सगळं खोडलं. कारण लिहायचं नाही, म्हणाली. कारण लिहिलं की त्यावर चर्चा सुरू होते. आईची तब्येत लिही, ते म्हणतील रजा घे. पगार लिही, ते म्हणतील दोन हजार वाढवतो, आणि मार्चपर्यंत ती वाढ येणार नाही. उरल्या तीन-चार ओळी. मी या तारखेपासून राजीनामा देत आहे. नेमणूकपत्राप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आजपासून धरावी. माझा शेवटचा दिवस अमुक. पदमुक्तीचं पत्र आणि हिशोब त्या दिवशी मिळावा. 'कृपया मंजूर करावा' हे शब्द तिनं मुद्दाम काढले. मला ते उद्धट वाटत होतं. अर्ज म्हटलं की खाली विनंती असते, असं शाळेपासून शिकलोय आपण.

मेल मी कंपनीच्या आयडीवरून पाठवणार होते, तिनं तेही थांबवलं. सोडताना पहिल्यांदा बंद होतो तो कंपनीचा आयडी, आणि त्याबरोबर पुरावाही. म्हणून स्वतःच्या जीमेलवरून पाठवली. साहेब, मॅडम आणि डायरेक्टर, तिघांना एकदम. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम जिन्यात भेटल्या तेव्हा "मेल कशाला पाठवायची, आपण घरचे लोक" असं म्हणाल्या. म्हणजे मेल पोचली होती.

काकांचा जीव मेलवर भरेना. "रजिस्टर एडी कर," त्यांचं एकच. एसटीतल्या माणसाचा विश्वास अजून पोस्टावर. गेले पोस्टात. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "ताई, रजिस्टर वेगळं राहिलं नाही आता. स्पीड पोस्टच करा, त्यावर रजिस्ट्रेशन लावून देते." १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, ही बातमी मी वाचली होती आणि विसरले होते. आपल्याला कधी लागणार, म्हणून. शेडपासून पोस्ट पायी जाण्याइतकं जवळ. तेवढ्या अंतरासाठी स्पीड पोस्ट करताना मला हसू येत होतं.

पाकीट परत आलं. वर पोस्टमनचा शेरा: घेण्यास नकार. तो शेरा बघून माझे हातपाय गळाले. मला वाटलं, संपलं, आता कसं देणार? आमच्या नात्यातले एक वकील अदालत रोडला बसतात, ते मात्र पाकीट बघून खुलले. "फोडू नकोस हे. जपून ठेव." १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट नावाचा एक कायदा आहे म्हणे. त्याच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर, पैसे भरून, रजिस्टरनं धाडलेलं पत्र पोचलं असं धरतात, आणि समोरच्यानं घेतलं नाही म्हणून त्याची सुटका होत नाही. घेतलं असतं तर आत कोरा कागद होता असंही म्हणाले असते. नाकारलं म्हणजे काय आलंय ते त्यांना कळलेलं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायद्यानं माझ्या बाजूनं बोललेलं हे पहिलं वाक्य.

वकीलकाकांकडे गेल्यावर कळलं, की 'मंजूर' या शब्दानं मी उगाच घाबरले होते. सरकारी नोकरीत राजीनामा मंजूर व्हावा लागतो, तसे तिथे नियमच आहेत. खासगीत नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते बघायचं. एअर इंडियाच्या एका तंत्रज्ञाचा खटला त्यांनी सांगितला, संजय जैन यांचा. त्यांनी तीस दिवसांची नोटीस देऊन नोकरी सोडली, कंपनीचं म्हणणं राजीनामा मंजूरच केलेला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये निकाल लागला: नोकरी सोडणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे; नियमांत किंवा नेमणुकीच्या अटींत तशी तरतूद नसेल, चौकशी चालू किंवा होऊ घातलेली नसेल, तर इच्छा नसताना त्याला राबवता येत नाही. तुझ्यावर काही चौकशी आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकदा सेकंड शिफ्टला डुलकी लागली होती. ते म्हणाले, ती चौकशी नव्हे.

मग मॅडमनी बाँड काढला.

बाँड मी लागताना लिहून दिला होता, शंभराच्या स्टँपपेपरवर (आता पाचशेचा लागतो). तीन वर्षं सोडणार नाही, सोडल्यास एक लाख. जुलै २०२२ ते जुलै २०२५, तीन वर्षं झाली, असं मी धरून चालले होते. मॅडम म्हणाल्या, पहिलं वर्ष ट्रेनिंगचं, ते धरत नाहीत. तीन वर्षं कन्फर्मेशनपासून, म्हणजे पुढच्या जुलैपर्यंत. माझ्याकडे बाँडची प्रत नव्हती, कुणालाच देत नाहीत. पण नोटरीकडे सही करताना मी वडिलांना दाखवायला म्हणून मोबाइलवर फोटो काढला होता, तो जुन्या फोनमध्ये सापडला. त्यात 'रुजू झाल्याच्या दिनांकापासून' असे शब्द होते. खाली 'वाद उद्भवल्यास औरंगाबाद येथील न्यायालयात' असंही होतं. जिल्ह्याचं नाव बदललं, बाँड होता तिथेच होता.

मॅडमनी तेवढ्यावर सोडलं नाही. "सुप्रीम कोर्टानं सांगितलंय बाँड चालतो, पेपर वाचत नाहीस का?" ते खरं होतं, म्हणून जास्त भीती वाटली. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तसा निकाल आलाय. बँकेच्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षांच्या आत राजीनामा देऊन दुसरी बँक धरली, अटीप्रमाणे दोन लाख भरले आणि मग ती अटच बेकायदा आहे म्हणून दाद मागितली. उच्च न्यायालयानं त्याचं ऐकलं, सर्वोच्च न्यायालयानं बँकेचं. वकीलकाकांनी निकालाचं कारण समजावलं. सरकारी बँकेला देशभर जाहिरात देऊन, परीक्षा घेऊनच माणूस भरावा लागतो, त्याला खर्च येतो, वेळ जातो. आणि त्या पदाच्या पगाराकडे बघता दोन लाख भारी नव्हते. बाँड म्हणजे बेडी नव्हे आणि कोरा चेकही नव्हे. कंपनीचं खरोखर नुकसान झालं असेल तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे वाजवी भरपाई, तीही लिहिलेल्या आकड्याच्या आत. पण "जा, उद्यापासून मशीनवर उभी राहा" असा हुकूम कुठलंच कोर्ट देत नाही. आणि तुझी तर मुदतही संपली, म्हणाले.

हे सगळं मी शनिवारी घरी जाऊन सांगितलं. आई म्हणाली, लोक नोकरीसाठी हिंडतात आणि ही सोडण्यासाठी हिंडतीये. वडील बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "उचल घेतली व्हती का?"

आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठेवतात, पाडव्यापर्यंत. साल ठरतं, उचल दिली जाते, आणि उचल अंगावर असली की गडी मधे सोडून जात नाही, गेला तर ती फेडून. ऊसतोडीला जाणाऱ्यांचंही तसंच, मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. मी म्हटलं, नाही, मी तर काम करून महिन्याच्या महिन्याला पगार घेतला. "मग ते कशावर अडवतेत?" वडिलांना खरंच कळत नव्हतं. मलाही नाही. त्यांचा प्रश्न मी वकीलकाकांना सांगितला तेव्हा त्यांनी आणखी एक जुना कायदा काढला. इंग्रजांनी १८५९ मध्ये असा कायदा केला होता की आगाऊ पैसे घेतलेला कारागीर किंवा मजूर काम सोडून गेला तर मॅजिस्ट्रेट त्याला तुरुंगात टाकू शके. तो १९२५ मध्ये रद्द झाला. म्हणजे ज्या काळात माणसाला काम सोडल्याबद्दल जेल होती, त्या काळातही आधी उचल लागायची. माझ्यावर उचल नव्हती. होता तो फक्त 'आम्ही तुला घडवलं' हा शब्द, आणि तो कुठल्याच स्टँपपेपरवर नव्हता.

नोटीसचे दोन महिने मी पूर्ण केले. तेवढ्या दिवसांचा पगार देऊन आधी सुटताही आलं असतं, नेमणूकपत्रात तशी सोय होती, पण एवढे पैसे कुठून आणू? शिवाय काम अर्धवट टाकून जायचं मनाला येत नव्हतं. हँडओव्हर हा त्या दोन महिन्यांतला सगळ्यात चमत्कारिक भाग. "हँडओव्हर पूर्ण झाल्याशिवाय सोडता येणार नाही," हे रोज ऐकायचं, आणि हँडओव्हर घ्यायला माणूस देत नव्हते. कुणाला देऊ, विचारलं की "ठरवतो." शेवटी मी हँडओव्हर हवेत द्यायला सुरुवात केली. एक्सेलची एक शीट केली: कुठला गेज कुठल्या कपाटात, त्याचा नंबर, कॅलिब्रेशनची तारीख कधी संपते, कुठल्या पार्टची पीपीएपी फाइल कुठे, कस्टमरच्या कुठल्या तक्रारीचं उत्तर गेलं, कुठलं राहिलं. सुटताना रोज ती शीट साहेबांना मेल करायची, विषय तोच, 'हँडओव्हर', पुढे तारीख. उत्तर कधी आलं नाही. पण आठवड्याभरात गेजवाल्या मामांनी कबूल केलं की साहेब तीच शीट प्रिंट काढून वापरतायत. गेज क्रिबची यादी मात्र मी त्यांच्याबरोबर उभं राहून, एकेक प्लग गेज, एकेक रिंग गेज हातात घेऊन मोजली आणि खाली दोघांनी सह्या केल्या. ही यादी पुढे उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. मोजायची सवय, म्हणून मोजली.

माझ्या ओरिजिनल मार्कशीट आणि डिप्लोमाचं सर्टिफिकेट मॅडमच्या कपाटात होतं. लागताना 'व्हेरिफिकेशनसाठी' घेतलं, ते तिथेच राहिलं. तंत्रशिक्षण मंडळाकडून (एमएसबीटीई) दुसरी प्रत काढता येते, पण माझेच कागद असताना मी दुसरी प्रत का काढू? यासाठी मी कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात गेले. आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले होते, कारण मला वाटत होतं की हे कामगारांचं ऑफिस, आपण इंजिनिअर. आपल्याला हाकलून देतील. मॅडमनीही तेच सांगितलं होतं: तू स्टाफ, तुला लेबर ऑफिस नाही.

तिथल्या अधिकाऱ्यांनी पद वाचलं आणि विचारलं, "तुमच्या हाताखाली किती माणसं?"

"कुणी नाही, सर."

"कुणाची रजा मंजूर करता?"

"माझीच होत नाही, सर."

ते हसले नाहीत, पण लिहून घेतलं. पाटी काय लावली याला अर्थ नाही, हातानं काम काय करता ते बघतात, असं त्यांनी सांगितलं. सुपरवायझर असाल तर पगाराची मर्यादा येते, जुन्या कायद्यात दहा हजार, आता अठरा हजार. पण जो स्वतःच मायक्रोमीटर लावतो तो सुपरवायझर कसला? म्हणजे साडेतीन वर्षं इंजिनिअर म्हणून मिरवल्यावर मी कामगार ठरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पद खाली आल्याचा आनंद झाला.

आमची वेळही अशी की कायदाच मधे बदललेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चारही कामगार संहिता लागू केल्या, मी अर्ज दिला त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी. वेतन संहितेत लिहिलंय की स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याचाही पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. पूर्वीच्या १९३६ च्या कायद्यात ही घाई फक्त मालकानं काढलेल्या माणसासाठी होती. पण त्याच बदलात दुसरीकडे स्टँडिंग ऑर्डर्सना, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांना, तीनशे कामगारांची अट आली, आणि सोडताना मागितलं की सेवा प्रमाणपत्र द्यायचं ते कलम त्या स्टँडिंग ऑर्डर्सचं. आमचं शेड तीनशेच्या पुष्कळ खाली. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं. कंपनीनं यातलं आपल्या सोयीचं तेवढं वाचलं. पगाराचं विचारलं की "संहितेचे रूल्स अजून आले नाहीत," आणि प्रमाणपत्राचं विचारलं की "संहिता लागू झाली, आता ते बंधन नाही."

साध्या कागदावर तक्रार दिली, दोन्ही बाजूंना बोलावणं गेलं. मॅडम फाइल घेऊन आल्या. मार्कशीट आणि सर्टिफिकेट त्यांनी पिशवीतूनच आणलं होतं, न मागता काढून दिलं. "आम्ही अडवलंच कुठे होतं?" त्या म्हणाल्या, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की नसेल अडवलं. कागद कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं, किल्ली त्यांच्याकडे होती. पण 'देणार नाही' असं त्या कधी म्हणाल्याच नव्हत्या.

शेवटच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. नो ड्यूजच्या फॉर्मवर स्टोअर, टूल क्रिब, कँटीन, आयटी अशा सह्या गोळा करत फिरले. पंचिंग मशीननं दुपारनंतर माझं बोट ओळखणं बंद केलं. ऑपरेटर लोकांनी पेढे आणले होते. साहेब त्या दिवशी कस्टमरकडे गेले होते. रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही. शेंद्र्याच्या कंपनीला मी राजीनाम्याची मेल, परत आलेलं पाकीट, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवलं. तिथल्या एचआरच्या माणसानं पाकिटावरचा शेरा वाचला आणि म्हणाला, "चिकलठाणा का?" एवढंच. रुजू करून घेतलं.

पीएफ तेवढं राहिलं होतं. जुन्या कंपनीनं पोर्टलवर सोडल्याची तारीख टाकली नाही, आणि ती नसली की जुना पैसा नव्या खात्यात सरकत नाही. यासाठी मी कंपनीत चकरा मारायच्या तयारीत होते, पण गरजच नव्हती. जानेवारी २०२० पासून सदस्याला स्वतःची तारीख स्वतः टाकता येते, शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने थांबून. यूएएनच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट' म्हणून जागा आहे. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि माझ्या आधारला नंबर होता वडिलांचा, तोही बंद पडलेला. आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलला, मग तारीख टाकली. सगळ्या प्रकरणात हे एकच काम असं निघालं ज्याला कुणाचीच सही लागली नाही. तारीख टाकून झाल्यावर मी पान दोनदा रिफ्रेश करून बघितलं, कुणी 'बघू' म्हणतंय का.

हिशोबाचे पैसे मार्चमध्ये एक दिवस गुपचूप खात्यात आले. दोन कामाच्या दिवसांत नव्हे, पण आले. सोबत कागद नाही, म्हणून मीच वहीत मांडून बघितलं. फेब्रुवारीचे भरलेले दिवस बरोबर होते. शिल्लक रजेचे पैसेही होते, "सोडून जाणाऱ्याला रजेचे पैसे नसतात" असं आधी सांगितलं होतं तरी. कारखान्यात वीस दिवस कामामागे एक दिवस रजा साठते आणि सोडताना तिचे पैसे द्यावे लागतात, हे लेबर ऑफिसात मॅडमसमोरच निघालं होतं. पण एकूण रक्कम काही हजारांनी कमी भरत होती. टाइम ऑफिसातल्या मामांना फोन केला तर म्हणाले, तुझ्या नावावर एक प्लग गेज हरवलेला दाखवलाय. वकीलकाकांचं म्हणणं, नुकसानीपोटी पगारातून पैसे कापायचे तर आधी त्या माणसाला विचारावं लागतं, तुझं काय म्हणणं आहे ते. मला कुणी विचारलं नव्हतं. दोघांच्या सह्यांची गेजची यादी काढली. ज्या नंबरचा गेज हरवला म्हणतायत तो सतराव्या ओळीवर आहे, समोर 'मिळाला' अशी खूण, खाली क्रिबवाल्या मामांची सही. यादीचा फोटो जोडून साहेब, मॅडम आणि डायरेक्टर, तिघांना मेल पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या सोमवारी अर्धा दिवस रजा टाकली आहे, यादीची झेरॉक्स घेऊन पुन्हा लेबर ऑफिसात जायचं आहे.